गॅरी किल्डॉल: ड्रायव्हर वेगळा ठेवायला शिकवणारा माणूस

बिल गेट्स कोण हे आठवीतल्या पोराला विचारलं तरी तो सांगतो. स्टीव्ह जॉब्सचा फोटो तर कोचिंग क्लासच्या भिंतीवरही असतो. गॅरी किल्डॉल हे नाव कॉम्प्युटरचा इतिहास वाचणाऱ्यांना चांगलं माहीत आहे, पण आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या यशोगाथांमध्ये ते कधी दिसत नाही. कारण सोपं आहे. त्याची गोष्ट कोट्यधीश होऊन संपत नाही.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. इंजिनिअरिंग करून आता पुण्यात एका कंपनीत छोट्या उपकरणांसाठी लिनक्स कर्नल तयार करायचं काम करतो. कोणता ड्रायव्हर ठेवायचा, कोणता काढायचा, नवीन व्हर्जन आल्यावर काय बदलायचं, यातच माझा दिवस जातो. हे काम मुळात शक्य का झालं याच्या मागे गेलो की वाटेत किल्डॉल भेटतोच. आणि गावाकडचा एखादा भाऊ विचारतो ना, की दादा, फोन चांगला चालतोय तरी अपडेट का येत नाही? त्याचं निम्मं उत्तरही याच माणसाच्या आयुष्यात आहे. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते समजून घेऊ

आमच्याकडे दसरा झाला की गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. आता बघा, कारखाना टोळीतल्या प्रत्येक कोयत्याशी बोलत नाही. तो मुकादमाला सांगतो, की उद्या अमक्या शेतातला ऊस तोडायचा. टोळीत कोयते किती, गाडी कोणाची, आज आजारी कोण, कोणाला कुठे उभं करायचं, हे मुकादमाला माहीत. पुढच्या हंगामात टोळी बदलली तरी कारखान्याची सांगायची पद्धत तीच राहते. या मुकादमकीत उचल आहे, कर्ज आहे, पिळवणूक आहे. ते दुखणं मोठं आहे आणि आमच्या घराघरात माहीत आहे. इथे फक्त निरोप कसा पोचतो तेवढंच उदाहरण म्हणून घेतोय.

कॉम्प्युटरमध्ये कर्नल म्हणजे कारखाना. ऑपरेटिंग सिस्टीमचा हा गाभा. कॅमेरा, स्क्रीन, वायफाय, मेमरी कार्ड या टोळ्या. आणि ड्रायव्हर म्हणजे मुकादम. कर्नल म्हणतो, हा डेटा कार्डवर लिही. कार्ड कोणत्या कंपनीचं, त्याच्या कंट्रोलरला कोणत्या क्रमाने सिग्नल द्यायचे, ते ड्रायव्हर बघतो.

मोठ्या मेनफ्रेम मशीनवर ही विभागणी आधीपासून होती. पण टेबलावर मावणारे छोटे कॉम्प्युटर जन्माला येत होते तेव्हा तिथे ती नव्हती. ती तिथे आणली किल्डॉलने.

दर्यावर्दी शाळेतला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. घरची शाळा होती, पण साधी नाही. जहाज कसं हाकायचं, समुद्रात दिशा कशी काढायची हे शिकवणारी. ती त्याच्या आजोबांनी सुरू केली आणि वडिलांनी चालवली. गॅरीनेही तिथे शिकवलं. पुढे त्याला गणिताचा शिक्षक व्हायचं होतं, म्हणून त्याने युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये प्रवेश घेतला. तिथे कॉम्प्युटर हाताला लागला आणि गणित बाजूला पडलं. १९६३ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवन हिच्याशी त्याचं लग्न झालं.

व्हिएतनाम युद्धाचा काळ होता आणि तरुणांना सक्तीने सैन्यात घेतलं जात होतं. गॅरीच्या वाट्याला नौदल आलं, पण जहाजावर नाही. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे नौदलाची पदव्युत्तर संस्था आहे, तिथे तो शिकवायला लागला. १९७२ मध्ये त्याने पीएचडी पूर्ण केली. कंपायलरने प्रोग्रॅम तपासून तो जास्त चांगला कसा करायचा यावर त्याने १९७३ मध्ये एक पद्धत मांडली. कंपायलरच्या पुस्तकांत ती आजही त्याच्याच नावाने शिकवतात. म्हणजे त्याने पुढे काहीच केलं नसतं तरी त्याचं नाव राहिलं असतं.

पंचवीस डॉलरची चिप

त्याच सुमारास त्याला एक जाहिरात दिसली. इंटेलची ४००४ नावाची चिप २५ डॉलरला. पूर्ण कॉम्प्युटरचा मेंदू एका चिपवर, आणि किंमत एवढी! तोपर्यंत कॉम्प्युटर म्हणजे संस्थेच्या मालकीची, खोलीभर पसरलेली वस्तू. किल्डॉल त्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायला लागला. हळूहळू इंटेलशी ओळख झाली आणि तो तिथे सल्लागार म्हणून जाऊ लागला. ८००८ या पुढच्या चिपसाठी त्याने पीएल/एम नावाची भाषा तयार केली. चिप म्हणजे सिग्नल, घड्याळं, यंत्रं चालवायची वस्तू, असा तेव्हाचा समज. त्यावर माणसाने बसून लिहावं, फाइली ठेवाव्यात, हे फार थोड्या लोकांच्या डोक्यात होतं. किल्डॉल त्यातला एक.

अडचण साठवणुकीची होती. कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम साठवायचे आणि पुन्हा वाचायचे, यात तास जायचे. शुगार्ट कंपनीकडून त्याला एक आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळाली. पण ड्राइव्ह आणि चिप यांना जोडणारा कंट्रोलर त्याला स्वतःला जमेना. मग युनिव्हर्सिटीतला मित्र जॉन टोरोड मदतीला आला. त्याने हार्डवेअर केलं, गॅरीने सॉफ्टवेअर. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात ती फ्लॉपी फिरली आणि स्क्रीनवर कमांडसाठी खूण आली. या सॉफ्टवेअरचं नाव सीपी/एम.

इंटेलला त्याने ते दाखवलं. इंटेलने पीएल/एम घेतली, सीपी/एम घेतलं नाही. मग गॅरी आणि डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव भारी होतं, इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे त्यातलं पहिलं नाव गळालं. डोरोथी व्यवहार आणि करारमदार बघायची, गॅरी कोड. सीपी/एम सुरुवातीला ७० डॉलरला विकलं जायचं.

प्रत्येक मशीनसाठी पुन्हा पहिल्यापासून?

आता खरा मुद्दा येतो. त्या काळात छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या पावसाळ्यात गवत उगवावं तशा उगवत होत्या. प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, स्क्रीन वेगळी, फ्लॉपीचा कंट्रोलर वेगळा. चिप एकच असली तरी भोवतालचं सगळं निराळं. मशीनशी बोलणारा कोड सिस्टीमभर विखुरलेला असेल तर प्रत्येक नव्या मशीनसाठी अख्खी सिस्टीम उकलायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा तपासायची. इमसाय नावाच्या कंपनीला तिच्या ड्राइव्हसाठी सीपी/एम हवं होतं तेव्हा किल्डॉल या कामाला पुरता कंटाळला होता.

त्याने मशीनशी थेट बोलणारा सगळा कोड उचलून एका कोपऱ्यात ठेवला आणि त्याला नाव दिलं बायोस. सीपी/एमचे तीन भाग झाले. एक, तुम्ही टाइप केलेली कमांड समजून घेणारा. दोन, फाइली सांभाळणारा मधला गाभा. तीन, बायोस. गाभ्याला मशीनबद्दल काहीच माहीत नाही. बायोसच्या सुरुवातीला एक ठरलेली यादी असायची. कीबोर्डवरून एक अक्षर घे, स्क्रीनवर एक अक्षर दाखव, अमका ट्रॅक निवड, सेक्टर वाच, सेक्टर लिही. सीपी/एम २.२ मध्ये या यादीत सगळ्या मिळून १७ नोंदी होत्या. या १७ गोष्टी आपल्या मशीनसाठी लिहिल्या की काम झालं. गाभा जसाच्या तसा.

इमसायने १९७७ मध्ये २५,००० डॉलर देऊन परवाना घेतला. मग रांगच लागली. शेकडो प्रकारच्या मशीनवर सीपी/एम चालायला लागलं. याचा मोठा फायदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना झाला. वर्डस्टार आणि डीबेससारखे प्रोग्रॅम एकदा लिहायचे आणि सीपी/एम असलेल्या कितीतरी मशीनवर विकायचे. आज आपण ॲप एका फोनसाठी नाही, अँड्रॉइडसाठी लिहितो, तसंच हे.

कस्टम कर्नलचा आजोबा

कस्टम रॉम टाकणाऱ्या मित्रांनी हा भाग नीट वाचा. डिजिटल रिसर्च सीपी/एमसोबत सिस्टीम कशी बदलायची याची एक मार्गदर्शिका देत असे. त्यात बायोसचा सांगाडा छापलेला असे, आणि स्वतःच्या मशीनसाठी भरून तयार केलेल्या बायोसला कस्टम बायोस म्हणत. मूव्हसीपीएम नावाच्या प्रोग्रॅमने आपल्या मेमरीच्या मापाची सिस्टीम बनवायची, त्यात आपला बायोस बसवायचा आणि सिसजेनने ती फ्लॉपीच्या सुरुवातीच्या ट्रॅकवर लिहायची. चूक झाली तर मशीन सुरूच होणार नाही, म्हणून जुनी चालणारी फ्लॉपी बाजूला जपून ठेवायची. बूटलूपमध्ये फोन अडकलेल्यांना ही भावना समजेल!

१९७९ च्या सीपी/एम २.० मध्ये किल्डॉल आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याआधी डिस्कची मापं गाभ्यातच पक्की लिहिलेली होती. त्याने ती काढून बायोसमधल्या तक्त्यात ठेवली. एका ट्रॅकवर सेक्टर किती, एकूण जागा किती, डिरेक्टरीत नोंदी किती, हे सगळं तक्त्यात. नवी मोठी डिस्क आली? गाभ्याला हात लावू नका, तक्ता बदला.

माझ्या रोजच्या कामात आज हेच आहे, फक्त आकार वाढलाय. लिनक्स कर्नलमध्ये हजारो पर्याय असतात. प्रत्येक ड्रायव्हरपुढे ठरवायचं की तो कर्नलच्या आतच बसवायचा, गरज पडेल तेव्हा लोड होणारं मोड्यूल म्हणून ठेवायचा, की घ्यायचाच नाही. हे निर्णय कॉन्फिग फाइलमध्ये साठतात. कोणती चिप बोर्डवर कुठल्या पत्त्यावर आहे ते डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या तक्त्यात. आमच्या एका बोर्डवरची टच चिप बाजारात मिळेनाशी झाली आणि दुसऱ्या बनावटीची घ्यावी लागली, तेव्हा एक ड्रायव्हर, कॉन्फिगमधली एक ओळ आणि तक्त्यातला एक तुकडा एवढंच बदललं. वरच्या ॲपला पत्ताही लागला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नव्या कर्नलमध्ये एखाद्या पर्यायाचं नाव बदललेलं असलं, तर जुन्या कॉन्फिगमधली ती ओळ गुपचूप गळून जाते. कर्नल तयार होतो, एरर येत नाही, आणि फोन सुरू झाल्यावर वायफाय गायब. म्हणून व्हर्जन बदलताना आधीची आणि नंतरची कॉन्फिग समोरासमोर ठेवून फरक वाचायचा. कर्नलच्या सोर्समध्ये यासाठी डिफकॉन्फिग नावाची स्क्रिप्टच दिलेली आहे. आणि बदल एका वेळी एकच करायचा, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

आयबीएम दारात आली तो दिवस

१९८० मध्ये आयबीएम गुपचूप आपला पर्सनल कॉम्प्युटर बनवत होती. त्यांना ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती आणि सगळे डिजिटल रिसर्चकडे बोट दाखवत होते. आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली त्या सकाळी गॅरी स्वतःचं छोटं विमान घेऊन एका ग्राहकाकडे गेला होता. तो मजेसाठी विमान उडवत फिरत होता आणि त्याने नशिबाला लाथ मारली, अशी गोष्ट पुढे जगभर पसरली. ती खरी नाही. तो कामानेच गेला होता आणि करारांचं काम नेहमीच डोरोथीकडे असायचं. आयबीएमने आधी गुप्ततेच्या करारावर सही मागितली. तो करार फारच एकतर्फी वाटल्याने डोरोथीने वकिलाचा सल्ला घेतला आणि सही केली नाही. दुपारी गॅरी परत आला. त्यानंतर काय बोलणं झालं याबद्दल दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. एवढं नक्की, की सौदा झाला नाही.

आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची सिस्टीम नव्हती. तिने सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीची, टिम पॅटरसनने लिहिलेली सिस्टीम घेतली. पॅटरसनने कोड स्वतःचा लिहिला होता, पण प्रोग्रॅमने सिस्टीमला हाक कशी मारायची ती पद्धत सीपी/एमसारखी ठेवली होती, म्हणजे जुने प्रोग्रॅम सहज आणता यावेत. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला. किल्डॉलने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एमसुद्धा विकायचं कबूल केलं. पण किंमत बघा. मायक्रोसॉफ्टची सिस्टीम ४० डॉलरला, सीपी/एमची २४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

इथे मला थांबून विचार करावासा वाटतो. किल्डॉलने सिस्टीमचे भाग स्वच्छ वेगळे केले, हाका मारायच्या ठरलेल्या जागा नेमून दिल्या. त्यामुळेच ती कुठल्याही मशीनवर नेता आली. पण दरवाजा ठरलेला असला की दरवाजामागचा माणूस बदलता येतो. बाहेरून हाक मारणाऱ्याला फरक कळत नाही. किल्डॉलचा गाभाच बदलला गेला. गंमत म्हणजे पुढे आयबीएमच्याही वाट्याला तेच आलं. कॉम्पॅक आणि फिनिक्स यांनी आयबीएमच्या बायोसला जुळणारा स्वतःचा बायोस लिहिला आणि पीसीची बाजारपेठ आयबीएमच्या हातून निसटली. वापरणाऱ्याला मात्र स्वस्त कॉम्प्युटर मिळाले. जी गोष्ट सगळ्यांच्या फायद्याची, तीच करणाऱ्याला महाग पडू शकते.

नंतरची वर्षं

लोक समजतात तसा किल्डॉल कंगाल झाला नाही. पैसा होता, विमानं होती, वेगवान गाड्या होत्या. कामही थांबलं नव्हतं. एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणाऱ्या सिस्टीम, खिडक्या आणि चित्रांचं जेम, मुलांसाठी लोगो भाषा हे त्याच्या कंपनीने आणलं. १९८० च्या दशकात सीडी-रॉमवर पूर्ण विश्वकोश आणणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात स्टुअर्ट शिफेटसोबत तो सूत्रसंचालन करायचा. शांत बोलायचा, समजावून सांगायचा. शिक्षक शेवटपर्यंत शिक्षकच राहिला.

पण ती विमानाची गोष्ट त्याच्या पाठी लागली. कुठेही गेला तरी लोक तेच विचारायचे. डोरोथीशी घटस्फोट झाला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीला विकली गेली. ज्या युनिव्हर्सिटीतून त्याने पीएचडी केली, तिच्या कॉम्प्युटर विभागाच्या कार्यक्रमात मुख्य वक्ता म्हणून बिल गेट्सला बोलावलं गेलं, याचं त्याला फार लागलं. दारू वाढली. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेमधल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. नेमकं काय घडलं ते कधीच स्पष्ट झालं नाही. ११ जुलैला तो गेला. वय ५२.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये त्याच्या जुन्या ऑफिसच्या इमारतीबाहेर आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने सीपी/एमच्या सन्मानार्थ फलक लावला.

तुमच्या फोनमध्ये काय उरलंय?

आता त्या भावाच्या प्रश्नाकडे येऊ. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या बऱ्याच वर्षांत चिप कंपनीचे आणि फोन कंपनीचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि सिस्टीममध्ये इतके मिसळलेले असायचे की नवीन अँड्रॉइड आलं की सगळं पुन्हा जुळवावं लागे. त्यात लिनक्स कर्नलची आतली रचना व्हर्जनगणिक बदलते, त्यामुळे बाहेर ठेवलेला ड्रायव्हर आपोआप चालेल याची खात्री नसते. चिप कंपनीने ड्रायव्हर सुधारून दिला नाही, की फोन कंपनीचे हात बांधले जातात. आमच्या गावात अनेकांकडे हातोहात विकत घेतलेले जुने फोन आहेत. स्क्रीन चांगली, बॅटरी बरी, पण बँकेचं ॲप म्हणतं की अँड्रॉइड जुनं आहे. हार्डवेअर मेलेलं नसतं. मुकादम नसल्यामुळे टोळी बसून असते.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणला. चिप आणि फोन कंपनीचा कोड वेगळ्या विभाजनात, अँड्रॉइड वेगळं, मध्ये ठरलेले दरवाजे. मग ५.१० किंवा त्यापुढचा कर्नल घेऊन अँड्रॉइड १२ सह येणाऱ्या फोनपासून कर्नलचा गाभा सगळ्यांसाठी एकच आणि चिपचे ड्रायव्हर वेगळी मोड्यूल, असा नियम आला. चाळीस वर्षांनी आपण फिरून किल्डॉलच्याच कोपऱ्यावर आलो.

तुम्हीही बघू शकता. फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोन उघडा, तिथे कर्नल व्हर्जन शोधा. काही फोनमध्ये ते सॉफ्टवेअर किंवा अँड्रॉइड माहितीच्या आत असतं. आकड्यांनंतर इंग्रजीत अँड्रॉइड१२, अँड्रॉइड१३ असं काही लिहिलेलं दिसलं, तर तुमच्या फोनचा गाभा आणि ड्रायव्हर वेगळे आहेत. तसं नसेल तर फोन जुन्या पद्धतीचा असण्याची शक्यता जास्त. पुढच्या वेळी सेकंडहँड फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघण्याआधी ही एक ओळ बघा, आणि कंपनीने किती वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय ते विचारा. दुकानदार वेड्यासारखा बघेल. बघू द्या.